खालचा गुडघा

जीन्स घेताना लोक कंबर बघतात. मी सांगते, आधी गुडघा बघा. कंबर पट्ट्याने आवळता येते, लांबी दुमडता येते. पण कापडाचा गुडघा आणि हाडाचा गुडघा एका जागी आला नाही, तर ती जीन्स तुमची नव्हे. नवी असताना हे कळत नाही, कारण नव्या जीन्सला गुडघाच नसतो. तो मागाहून होतो. माणूस बसतो, उठतो, घोड्यावर टांग टाकतो, कुंपणापाशी टेकतो आणि कापड ते सगळं लक्षात ठेवतं.

आलामितो गावात होविताची लाँड्री होती आणि तिथे मी इस्त्री करायचे. होविता माझी कोमाद्रे. बाप्तिस्म्याच्या वेळी माझ्या मुलीला तिने हातांवर धरलं होतं. त्या नात्याने ती बहिणीहून जवळची आणि बहिणीसारखीच भांडखोर. आसपासच्या रँचवर गुरांमागे फिरणाऱ्या सगळ्या गड्यांच्या जीन्स आमच्याकडे यायच्या. त्यांना कडक खळ लागते. मऊ, लोळागोळा जीन्स घालून शनिवारी नाचायला गेलेल्या गड्याकडे टेक्ससच्या आमच्या ह्या कोपऱ्यात कुणी ढुंकून बघत नाही. पाय आत घालताना कापड टरटर वाजलं पाहिजे. लांबी चार बोटं जास्त हवी, म्हणजे बुटावर चुण्या पडतात आणि घोड्यावर बसलं तरी घोटा उघडा पडत नाही.

इस्त्री झाली की त्यांची मी घडी घालत नसे. भिंतीशी उभ्या करून ठेवायचे. खळ नीट बसली असेल तर त्या आपल्या आपण उभ्या राहतात. शनिवारी दार उघडलं की कमरेच्या वर काहीच नसलेली माणसं रांगेत वाट बघत उभी आहेत असं दिसायचं. नवखं गिऱ्हाईक उंबऱ्यातच थबकायचं. होविता मात्र त्यांच्याशी गप्पा मारायची.

"काय रे बाबा, पोट सुटलंय तुझं. बायको बरी भेटलीय!"

कुणाची कोणती हे मला विचारावं लागत नसे. एकाची आतली शिवण खोगिरावर घासून पांढरी पडलेली. एकाच्या खिशाशी किल्ल्यांचा ठसा. हॉलिस टीगची ओळखायला तर बघावंही लागत नव्हतं. उजव्या मागच्या खिशावर तंबाखूच्या डबीची गोल पांढरी खूण, हाताला लागायची. डाव्या मांडीवर काटेरी तारेने फाटलेलं, मीच रफू केलेलं. आणि गुडघे. गुरं हाकणाऱ्याची जीन्स मांडीच्या आतून विटते, गुडघ्यावर एवढी नाही. ह्याचे गुडघे मात्र शेवटच्या उन्हाळ्यात पिठासारखे पांढरे झाले होते.

"हा हल्ली चर्चमध्येच राहतो की काय?" मी होविताला म्हटलं होतं.

"हॉलिस? तो तर स्वतःच्या लग्नालाही उशिरा आला होता," होविता म्हणाली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत हॉलिस गेला. रँचच्या उत्तरेला, पवनचक्कीखाली, गुरांना पाणी पाजायचा मोठा दगडी हौद आहे. त्याच्या काठाशी तो गुडघ्यांवर बसलेला सापडला. हात काठावर, डोकं पाण्यात. घोडा शेजारी उभा. अंगावर ओरखडा नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं असेल. असेल. पण हृदय बंद पडलेला माणूस कोसळतो. हा टेकलेला होता, नीट, दोन्ही गुडघ्यांवर.

लाँड्रीत आमची एक रीत होती. माणूस गेला की त्याचे कपडे दुसऱ्याला देण्याआधी आम्ही गरम पाण्यात इतक्या वेळा धुवायचो की सगळी खळ निघून क्रीज मोडावी. कापड पुन्हा नुसतं कापड व्हावं. होविताच्या आईपासून चालत आलेलं. का, ते कुणी विचारत नसे. टीगबाईंना, म्हणजे हॉलिसच्या बायकोला, हे ठाऊक नव्हतं. असायचं कारणही नव्हतं. त्या गोऱ्या, आमच्यातल्या नव्हेत.

माझा नातू चेओ. त्याचं खरं नाव एलिसेओ, पण त्या नावाने त्याला फक्त पाद्री हाक मारायचा. माझी मुलगी लेकराला माझ्या ओटीत टाकून गेली तेव्हापासून तो माझा. दुसरं मला कुणी नाही. हॉलिस गेल्यावर रँचवर एक जागा रिकामी झाली आणि मुकादमाने चेओला घेतलं. मी त्याला नवी कोरी जीन्स घेऊन दिली, जाड कापडाची, गडद निळी. टबात कोमट पाणी भरून त्याला ती घालून आत बसवलं. मग ओली तशीच अंगावर वाळू दिली. चांगली जीन्स अशीच आपली करायची असते. ओलं कापड ज्याच्या अंगावर वाळतं, त्याचं होतं.

"आजी, बर्फाची लादी नेसल्यासारखं वाटतंय," तो व्हरांड्यात पाय फाकवून उभा होता.

"फिर जरा. बस, ऊठ. तिला कळू दे तुझा गुडघा कुठाय."

"तिला कळेल, पण मला आता काहीच कळत नाहीये, कमरेखाली."

होविता हसून हसून रडायची बाकी राहिली होती.

पण रँचवर त्याला नवा रंग नडला. नवी जीन्स महिनोन्‌महिने निळा रंग सोडते. त्याचे पाय निळे, हात निळे, खोगीरसुद्धा निळं झालं. जुने गडी त्याला "शाईची दौत" म्हणायला लागले. कुणी विचारायचं, "दौत, तुझ्या घोड्याला निळा डाग पडलाय, पुसू का जिभेने?" एकोणीस वर्षांच्या पोराला मार चालतो, हसू चालत नाही. एका शनिवारी तो आला तो दुसरीच जीन्स घालून. विटलेली, वापरलेली, जणू जन्मापासून घोड्यावरच आहे.

त्याने पाठ फिरवली आणि मला मागच्या खिशावरची गोल खूण दिसली.

"कुठून आणलीस ही?"

"टीगबाईंकडून. त्या बहिणीकडे जायच्यात कायमच्या. अंगणात सगळं सामान मांडलंय विकायला. बघ ना आजी, माझ्या मापाची शिवल्यासारखी आहे. गुडघासुद्धा बरोब्बर."

खरंच होतं. कापडाचा पांढरा गुडघा आणि चेओचा गुडघा, बोटभरही फरक नव्हता. हॉलिस उंच होता. चेओ कधी एवढा झाला ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"काढ. आधी धुवायची आहे."

"धुतलीस तर रंग जाईल! इतक्या वर्षांचं काम आहे त्यावर."

"काम तुझं नाही त्यावर, पोरा. तंबाखू तरी खातोस का? लोक डबी मागतील तुझ्याकडे."

"मग सांगेन संपली," असं म्हणून तो हसला. हसता हसता त्याचा हात मागच्या खिशाकडे गेला आणि रिकाम्या खिशावर दोनदा थोपटून परत आला. त्याला ते कळलंही नाही.

शेवटी त्याने ती काढून दिली आणि मी ती धुण्यासाठी बाजूला ठेवली. मी पाद्र्याचे झगे इस्त्री करत होते तेवढ्यात होविताने सगळ्या जीन्सबरोबर तीही खळीत बुडवली आणि प्रेसखाली घातली. तिने कुणाची ते बघितलं नाही. बघितलं तेव्हा ती भिंतीशी उभी होती.

बाकीच्या सगळ्या सरळ उभ्या होत्या. ही नव्हती. ही गुडघ्यांत जराशी वाकलेली होती, टेकायच्या बेतात असलेल्या माणसासारखी. आणि बाकीच्यांची तोंडं, म्हणजे पुढच्या चेना, दुकानाकडे होती. ही उत्तरेच्या खिडकीकडे वळली होती.

"तू वळवलीस?" मी विचारलं.

"मी हात नाही लावला," होविता म्हणाली. तिने कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटं लावून क्रूस काढला. मग स्वतःवरच चिडून म्हणाली, "वाऱ्याने हलली असेल. एवढी जड खळ का घालतो आपण, देव जाणे."

चेओ आला, मी अडवायच्या आत त्याने ती उचलली आणि शीळ घालत घेऊन गेला.

पुढच्या शनिवारी त्याने धुवायला आणली तेव्हा दोन्ही गुडघ्यांवर हिरवट ओले डाग होते. शेवाळ्याचे. आमच्याकडे धूळ भरपूर, काटे भरपूर, शेवाळं मात्र एकाच जागी.

"उत्तरेच्या हौदावर काम होतं का?" मी विचारलं.

"नाही. दक्षिणेचं कुंपण ताणतोय आम्ही."

"मग हे?"

त्याने गुडघ्यांकडे बघितलं, जणू कुणी दुसऱ्याचेच आहेत. "कधी कधी तिकडून येतो मी."

"दक्षिणेच्या कुंपणावरून इकडे यायला उत्तर लागते?"

"घोडा जातो, आजी."

"खरं सांग. घोडा जातो?"

त्याने डागावर अंगठा घासला. मग हळूच म्हणाला, "घोडा नाही. पाय जातात."

त्या रविवारी तो जेवायला बसला तो डावा पाय लांब सोडून. हॉलिसच्या डाव्या पायावर कधीतरी वळू पडला होता, म्हणून हॉलिस तसा बसायचा. चेओच्या पायाला काहीही झालेलं नव्हतं. मी बीन्सचं ताट पुढे ठेवलं. जीन्स चोरीला गेली म्हटलं, लपवली, दुसरी दिली, सगळं करून बघितलं मी. त्याला आता दुसरी चालतच नव्हती. आपली स्वतःची, मी टबात बसवून अंगावर वाळवलेली, तिच्यात तो चार पावलं चालून म्हणाला, "ही कुणाची आहे?"

मग शर्टाची पाळी आली. आधी पोटाशी ओला, शेवाळ्याचा वास. पुढच्या वेळी छातीपर्यंत. मी बटणं काढता काढता विचारलं, "वाकतोस का तू त्या हौदात?"

"बघतो फक्त."

"काय बघतोस?"

"काही नाहीये तिथे, आजी. तळ आहे आणि पाणी. पण बघत राहावंसं वाटतं. अजून थोडं जवळून बघितलं तर कळेल असं वाटतं."

"काय कळेल?"

त्याने रिकाम्या खिशावर दोनदा थोपटलं.

टीगबाई गावातून जायच्या आधी पडदे न्यायला लाँड्रीत आल्या. चेओ काउंटरला रेलून, दाराकडे पाठ करून उभा होता, एक हात मागच्या खिशात. त्या आत आल्या आणि थांबल्या. अगदी साध्या, रोजच्या आवाजात म्हणाल्या, "जेवायला ये आता. गार होतंय."

चेओने वळून न बघता उत्तर दिलं, "आलोच, ओपल."

ओपल हे टीगबाईंचं नाव. चेओने त्यांना कधी नावाने हाक मारली नव्हती; आमच्यातलं कुणीच मारत नसे. तो वळला. त्याचा एकोणीस वर्षांचा चेहरा बघून टीगबाईंनी तोंडावर हात धरला. चेओला कळेना काय झालं. मी त्याला बाहेर पिकअपमध्ये टोपल्या ठेवायला पाठवलं आणि बाईंना खुर्ची दिली.

"लोया, ती जीन्स मी द्यायला नको होती," त्या मला म्हणाल्या.

"बाई, तुमचे ते गेले त्याआधी घरी कसे यायचे? कपडे ओले असायचे?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "तुला कसं माहीत? आधी गुडघे. मग शर्ट पुढून. मग कॉलर. मी म्हणायचे, उकडतं म्हणून हौदावर तोंड धूत असेल. शेवटच्या आठवड्यात केस ओले असायचे. कानांपर्यंत." त्यांनी पदर नव्हता तरी डोळे पुसायला काहीतरी शोधलं, मी त्यांच्याच पडद्याचं टोक दिलं. "मी टॉवेल द्यायचे त्याला. नुसता टॉवेल द्यायचे मी, लोया."

त्या शनिवारी चेओचा शर्ट आला. कॉलर ओली होती.

होविता म्हणाली, "जाळ ती. आत्ता, मागच्या अंगणात."

"आणि तिच्यात तो असला तर?"

"कोण, हॉलिस?"

"चेओ."

ती मला वेड्यात काढणार होती. मी कात्री घेतली आणि जीन्सच्या उजव्या गुडघ्यावरचा एकच धागा कापला. खिडकीतून चेओ दिसत होता, अंगणात लाकडं फोडत होता. त्याच्या हातातून कुऱ्हाड पडली आणि उजवा गुडघा धरून तो खाली बसला.

"काय झालं रे?" होविता ओरडली.

"काही नाही, मावशी. काहीतरी चावलं."

मी कात्री ठेवून दिली. होविताने ती उचलून खणात टाकली आणि खण बंद करून त्यावर हात दाबून धरला.

विचार करायला मला इस्त्रीच लागते. मी रात्रीचं जेवण होईपर्यंत इस्त्री करत होते आणि एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. कापलेलं, जाळलेलं कापड आपला आकार विसरत नाही, तो घेऊन जातं. आकार बदलायचा असेल तर एकच रस्ता. ओलं कापड ज्याच्या अंगावर वाळतं, त्याचं होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. चेओ प्रार्थनेला काळी पँट घालून जायचा. तो गेला तसा मी टब भरला. खळ निघताना पाणी दुधासारखं पांढरं झालं, मग निळसर, मग हिरवट. शेवाळ्याचा वास घरभर झाला. होविता दारात उभी होती.

"तू? ह्या वयात? आयुष्यात कधी पँट घातली नाहीस तू."

"मग आज घालते."

"पाद्र्याने बघितलं तर?"

"पाद्री प्रार्थना सांगतोय. तू दोरी दे कमरेला बांधायला."

मी बुटकी आहे. होविताच्या खांद्याला लागते. ती जीन्स माझ्या छातीखाली दोरीने बांधली, पाय पावलांवरून पुढे लोळत होते. होविताला हसू आवरेना आणि भीतीही आवरेना. "दुमडते मी खालून," ती म्हणाली.

"नको. काही बदलू नको तिचं."

मी व्हरांड्यात उन्हात खुर्चीवर बसले. कापड थंड होतं, उन्हात ठेवलं तरी थंड. वाळेपर्यंत बसायचं, एवढंच ठरवलं होतं. थोडा वेळ काही झालं नाही. होविता कॉफी घेऊन आली. मी कप हातात घेतला आणि माझे पाय उठले.

मी उठले नाही. पाय उठले. कप फुटला. पायऱ्या उतरून पाय उत्तरेला निघाले, डावा जरा ओढत. मी खांब धरला, हात सुटला. मला तेव्हा कळलं की माझा चेओ रोज काय सोसत होता आणि मला "पाय जातात" एवढंच सांगत होता.

"लोया! थांब! अगं थांब ना!" होविताने पिकअप काढला आणि माझ्या मागून हळूहळू चालवत आली, खिडकीतून ओरडत. "आत बस! कुठे चाललीस? लोया, बाई, तुला दम लागेल!"

"पायांना सांग!" मी ओरडले.

गावाचं शेवटचं घर संपलं की रँचचं कुंपण लागतं. पायांना फाटक माहीत होतं. लांब पायघोळात मी अडखळायचे, पडायचे, आणि पाय मला उठवायचे. पवनचक्की दिसायला लागली. तिचं पातं फिरत नव्हतं, वारा पडला होता. हौद भरलेला, काठोकाठ, आणि एवढ्या उन्हात भोवती एकही जनावर नव्हतं.

पाय काठाशी गेले, जोडले आणि टेकायला लागले.

मला वाटलं, संपलं. मी होविताकडे बघितलं. ती पिकअपमधून उतरून पळत येत होती आणि फार लांब होती. कापड आवळलं. पांढरा गुडघा वाकायला लागला. पण तो पांढरा गुडघा माझ्या गुडघ्यावर नव्हता. तो खाली होता, माझ्या नडगीच्या मध्यावर. तिथे कापडाने वाकायचं ठरवलं आणि तिथे माझं हाड होतं.

एवढी कळ मला बाळंतपणातही आली नव्हती. कापडाने दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. हाड काही मोडलं नाही. भांडी घासून, ओझी वाहून, दिवसभर इस्त्रीपाशी उभं राहून पिकलेलं हाड आहे ते. हॉलिसच्या उंचीचं कुणी असतं तर अलगद टेकलं असतं. मी काठाला धरून उभीच राहिले, ताठ, वाकता येत नव्हतं म्हणून.

आणि पाण्यात बघितलं. बघायचं नव्हतं, पण तोंडासमोर दुसरं काही नव्हतं. माझा चेहरा होता पाण्यात. पण मी उभी होते, आणि तो चेहरा टेकलेल्या माणसाइतका जवळ होता. तो माझ्याकडे बघत होता, आणि अजून जवळ यायची वाट बघत होता.

"होविता," मी म्हटलं, "तोंड बांध माझं. डोळे."

तिने गळ्यातला रुमाल काढून माझे डोळे बांधले. मग माझी पाठ स्वतःच्या पाठीला लावून उभी राहिली, मी मागे पडले तर आधार म्हणून. मोठमोठ्याने मेरीची प्रार्थना म्हणत होती, आणि मधेच, "बुटकी आहेस म्हणून वाचलीस, गाढवे!" असं म्हणत होती. दोन्ही एकाच सुरात.

ऊन चढलं. कापड वाळायला लागलं. आधी कंबर, मग मांड्या. नडगीवरची पकड कमी होत गेली. कापड सुकून माझ्या अंगाला घासायला लागलं तेव्हा मी जपून, माझ्या मनाने, माझा स्वतःचा गुडघा वाकवला. हौदाकडे पाठ केली आणि दगडावर बसले. पुन्हा उठले. पुन्हा बसले. चेओला शिकवलं होतं तसंच. तिला कळू दे गुडघा कुठाय. वर नवी घडी पडली, माझी.

वारा आला आणि पवनचक्की फिरली. होविताने रुमाल सोडला. मी पाण्याकडे वळून बघितलं नाही.

घरी आलो तर चेओ व्हरांड्यात फुटलेल्या कपाचे तुकडे गोळा करत होता. त्याने मला जीन्समध्ये बघितलं आणि तोंड उघडंच राहिलं.

"आजी, ही टीगची ना?"

"आता माझी आहे. बस तू."

तो पायरीवर बसला. दोन्ही पाय सरळ दुमडून, कुठलाच लांब न सोडता. मग आपल्या गुडघ्यांवर हात फिरवत म्हणाला, "प्रार्थनेत बसलो होतो तेव्हा अचानक पायांत मुंग्या आल्या. झोपलेला पाय जागा होतो ना, तशा." थोड्या वेळाने विचारलं, "माझी ती निळी कुठाय?"

रँचवर त्याला पुन्हा "दौत" म्हणायला लागले. म्हणू देत. पुढच्या शनिवारी त्याचा शर्ट आला तो मी दोन्ही हातांनी तोंडाशी धरला. कॉलर कोरडी होती. घामाचा आणि घोड्याचा वास होता, दुसरा कसलाच नाही. त्याची जीन्स आता चांगली विटली आहे, त्याच्या स्वतःच्या जागी. तो लग्न करून दुसऱ्या रँचवर गेला, तिथे नळाचं पाणी आहे.

हॉलिसची जीन्स माझ्याकडे आहे. होविता अजून म्हणते, जाळ. पण पाऊस यायच्या आधी चेओच्या गुडघ्यात अजून कळ येते, मी कापलेल्या त्या एका धाग्याच्या जागी. म्हणून मी जाळत नाही, घालते. आठवड्यातून एकदा धुऊन ओली अंगावर चढवते आणि दारात खुर्ची टाकून वाळेपर्यंत बसते. येणारे-जाणारे हसतात, "लोया म्हातारी काउबॉय झाली!" मीही हसते. जीन्स घालत राहिलं तरच ती आपली राहते.

तिला आता दोन-दोन गुडघे आहेत. वरचा माझा, खालचा त्याचा. वरचा मी रोज वाकवते, त्यामुळे तो विटत चाललाय, ते ठीकच आहे. पण मागच्या वेळी उन्हात धरून बघितली तर खालचा पांढरा डागही पूर्वीपेक्षा मोठा झालेला. तिथे मी कधी टेकलेली नाही. आणि वय झालं तशी माझी हाडं ठिसूळ झाली आहेत, असं डॉक्टरीणबाई म्हणतात.

चेओला मी सगळं सांगितलंय, आणि इथे लिहूनही ठेवते. माझ्यानंतर ती जीन्स त्याने घालायची नाही, त्याच्या मुलांनीही नाही, पोरं बापासारखी उंच होणार. गावात शोधून एखाद्या बुटक्या, दणकट हाडाच्या माणसाला द्यायची. देण्याआधी त्याला उभं करायचं आणि नीट बघायचं, त्याचा गुडघा कुठे येतो ते.